चौघींची खोली

९ जानेवारी

चि. मुंगीच्या आईस,

आशीर्वाद आहेतच. मी बरी आहे. वन्संही बऱ्या आहेत, म्हणजे त्यांची कुरकुर चालू आहे.

पत्र पाहून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतेस आणि ठेवल्यावर मला कळत नाही की नेमकं कशाला हो म्हणालीस. मी वसतिगृहाची रेक्टर होते तेव्हाही हेच. मुलींना तोंडी सांगितलेलं या कानाने आत आणि त्या कानाने बाहेर. फळ्यावर लिहिलं की मुकाट्याने ऐकायच्या. म्हणून लिहितेय.

मार्चमध्ये आम्ही दोघी तुमच्या शहरात येतोय. कल्पना वन्संची. त्यांच्या व्यायामाच्या वर्गातल्या एक बाई तिकडे जाऊन आल्या आणि तेव्हापासून घरात उंच इमारती आणि जमिनीखालून धावणाऱ्या गाड्या यांचंच तुणतुणं चालू आहे. त्यांचा भाऊ असता तर त्यानेच बहिणीला नेलं असतं. तो नाही, तेव्हा ते भावजयीकडे आलं. मला स्वतःला हौस म्हणशील तर काडीची नाही.

आधीच सांगून टाकते, आम्ही तुझ्याकडे उतरणार नाही. तुझं घर आता भरलेलं आहे. डॉक्टर आहेत, त्यांच्या आई आहेत. डॉक्टरांना मी अजून समोरासमोर पाहिलेलं नाही. माझा मुलगा गेल्यावर तू पुन्हा लग्न करावंस हे सगळ्यांत आधी मीच बोलले, आणि ते ठरलं तेव्हा माझाच गुडघा दुखायला लागला. त्या गुडघ्याविषयी तू काही बोलली नाहीस, मीही बोलले नाही, आणि तेव्हापासून आपल्यात हवापाण्याच्याच गप्पा चालल्या आहेत. असो. माझ्या मुलाच्या बायकोच्या नवऱ्याला काय म्हणायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळे मी डॉक्टर म्हणते. राग नसावा.

तर एवढंच कळव: उतरायला कुठला भाग बरा? फार गजबज नको, फार सामसूमही नको. वन्संना लिफ्ट हवी.

तुझी,
मुंगीच्या बाबाची आई

ता.क. मुंगी आता सात पूर्ण करेल ना? तुम्ही गेलात तेव्हा ती माझ्या कमरेलाही लागत नव्हती. शहर वन्संना पाहू दे. मला मुंगीला पाहायचंय. ती मला ओळखेल का, तेवढं खरं खरं सांग.

२ फेब्रुवारी

चि. मुंगीच्या आईस,

तुझं उत्तर आलेलं नाही. कामात असशील. मी काही वाट पाहत नव्हते, पोस्टमन येतो तेव्हा नेमकी दारात असते एवढंच.

आमच्या चौकातल्या तिकीटवाल्याकडे जाऊन आले. एकदा नाही, बऱ्याचदा. आता मला येताना पाहिलं की तो न बोलता संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवतो आणि स्वतः चहा प्यायला जातो. तुमच्या शहरात केवढी हॉटेलं गं. एवढी माणसं घर सोडून कशासाठी हिंडतात?

पहिलं त्याने दाखवलं स्टेशनजवळचं. फोटोत नुसत्या उशा. समोरून उशा, बाजूने उशा. ज्या हॉटेलला उशांखेरीज दाखवण्याजोगं काही नाही तिथे काय राहायचं? दुसरं जुन्या बाजारात, पण खोलीला खिडकीच नाही. तिकीटवाला म्हणाला, काकू, तुम्ही काय खोलीत बसायला चाललात का? मी म्हटलं, बाळा, माझ्या वसतिगृहात मी न्हाणीघरसुद्धा बिनखिडकीचं चालवून घेतलं नाही. तिसरं उंच मनोऱ्यात, ढगात. त्याच्या न्हाणीघराला खोलीच्या बाजूने आरपार काचेची भिंत. वन्संनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, मग आंघोळ करणाऱ्याने बघायचं तरी कुठे? चौथा भाग ऑफिसांचा, तिथे रविवारी म्हणे चिटपाखरू नसतं. पाचवं विमानतळालगत. त्यापेक्षा विमानातच राहू की.

तो पोरगा हुशार आहे. काल त्याने विचारलं, "काकू, हॉटेल कुठलंही असो, तिथून या एका शाळेचं अंतर कशाला मोजायला लावता?"

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, शाळेजवळची वस्ती सभ्य असते. त्याने मान हलवली, पण त्याला पटलेलं नाही. तू पाठवलेल्या फोटोत मुंगीच्या गणवेशाच्या खिशावर शाळेचं नाव आहे, ते मी भिंग लावून वाचलं, हे त्याला कशाला सांगू? तुलाही सांगणार नव्हते.

मला हल्ली एका जागी बसवत नाही. भांडी घासता घासता मध्येच हात धुऊन नकाशा बघायला जाते. बॅग भरून ठेवली होती, ती वन्संनी काल उघडायला लावली. म्हणाल्या, वहिनी, मार्चला अजून अवकाश आहे, माझी शाल तेवढी बाहेर काढा, थंडी वाजतेय. काढून दिली आणि पुन्हा भरली.

एक ओळ लिही. पोस्टकार्डावर लिहिलीस तरी चालेल.

मुंगीच्या बाबाची आई

३ मार्च

बाईसाहेबांस,

तुमची चिठ्ठी मिळाली. समोर ठेवूनच लिहितेय. "आई, नदीकाठच्या हॉटेलात राहा. मी तिथे बोलून ठेवलंय, तुम्ही काही करू नका. बाकी आल्यावर." संपलं. मी ओळ मागितली होती, तीन मिळाल्या. मुंगी मला ओळखेल का, या प्रश्नाला उत्तर नाही.

मी तिकीटवाल्याकडे जाऊन ते नदीकाठचं हॉटेल शोधलं. चांगलं आहे, नाही म्हणत नाही. बाग आहे, पाण्यावर उघडणाऱ्या खिडक्या आहेत. पण नदीच्या पलीकडच्या तीरावर! तुझ्या घरून निघालं तर दोनदा गाडी बदलायची आणि वर बोटीत बसायचं. मी मुलींच्या नातेवाइकांना आयुष्यभर पाहिलंय. नको असलेल्या पाहुण्याला माणसं नाही म्हणत नाहीत, लांबची चांगली जागा दाखवतात.

तरी मी त्या हॉटेलला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, खोली चौघांची आहे. आम्ही दोघी म्हाताऱ्या, चौघांच्या खोलीत काय लंगडी खेळायची? म्हणजे तुला घाईघाईत नीट सांगायलाही सवड झाली नाही. मी तिला म्हटलं, ती खोली रद्द करा. तिने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की.

मग मी माझ्या पद्धतीने दुसरं शोधलं. ते तुझ्या बाजूचं आहे, त्याच शाळेच्या मागच्या गल्लीत. तिकीटवाला म्हणाला की तिथे पर्यटक जात नाहीत. मी म्हटलं, आम्हीही पर्यटक नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतः फोन केला आणि रेक्टर जे विचारते ते सगळं विचारलं. फाटक कधी बंद होतं? जिन्यालगतची खोली नाही ना? बाहेरचं माणूस वर खोलीत सोडता का? पलीकडून बाई ताठ आवाजात म्हणाली, "नो मॅडम. नेव्हर." मी तिथल्या तिथे नाव नोंदवलं. इतकं शिस्तीचं हॉटेल आहे तर तुमच्या शहरात.

आता जे लिहिणार नव्हते ते लिहिते. डिसेंबरात एका रविवारी फोन मुंगीने उचलला. मी म्हटलं, "मुंगे, आजी बोलतेय." ती म्हणाली, "आजी तर इथे आहे. थांबा हं, तिलाच देते." आणि खरंच त्या बाईंना हाक मारत गेली. मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल लाईन कटली. मुंगीची चूक नाही, तुझीही नाही. पण त्या दिवसापासून मी या घरात नुसत्या येरझारा घालतेय. मुलगा गेला ते मी सोसलं. तू गेलीस, तुला मीच जा म्हटलं होतं. आता मुंगीकडून "थांबा हं" ऐकून मला सोसत नाही. म्हणून येतेय. आजीची जागा आणखी कुणाला मिळाली असेल तर माझी कुठली, ते मला डोळ्यांनी बघायचंय.

हे पत्र उद्या निघताना टपालात टाकणार आहे. तुला मिळेल तेव्हा मी तुझ्याच शहरात असेन. मुद्दामच. आधी कळलं तर तू पुन्हा नदीपलीकडे पाठवशील.

मु. बा. आई

९ मार्च

सूनबाई,

हे लिहून तुझ्यापर्यंत कसं पोचवायचं ते अजून ठरलेलं नाही. तुझ्या इतक्या जवळ आहे की टपाल लाजेल.

तू परवा इथून गेल्यापासून मी खोलीतून बाहेर पडलेले नाही. वन्सं एकट्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात आणि शहर बघितल्याचं मला सांगतात. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून समोरच्या धुलाईच्या दुकानात गोल फिरणारे कपडे दिसतात आणि त्याच्या वर शाळेची मागची भिंत. मधल्या सुट्टीचा गलका इथे ऐकू येतो. त्यात मुंगीचा आवाज कुठला ते कळत नाही, तरी मी कान देऊन बसते.

आल्या दिवशी काय झालं ते तुला सांगितलेलं नाही. शाळा सुटायच्या वेळी मी वन्संना घेऊन समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. मुंगी बाहेर आली. उंच झालीये, चालताना डावा खांदा पाडते, तिचा बाप पाडायचा तसा. डॉक्टरांच्या आई तिला घ्यायला आल्या होत्या. मुंगीने दप्तर त्यांच्याकडे दिलं आणि न बघताच त्यांचा हात धरला. वन्सं म्हणाल्या, वहिनी, हाक मारा की. मला मारता आली नाही. हाक मारल्यावर ती दोघींपैकी कुणाकडे बघेल याची मला भीती वाटली.

मग दुसऱ्या दिवशी तुला फोन केला आणि तू संध्याकाळी मुंगीला घेऊन आलीस. मी खाली उतरले तेव्हा तू काउंटरवर त्या ताठ बाईशी वाद घालत होतीस आणि ती एकच वाक्य परत परत म्हणत होती. बाहेरचं माणूस वर जाणार नाही. सख्खं असो, लहान असो. मुंगीच्या पाठीवर फुगलेली पिशवी होती. तू तिला म्हणालीस, बस सोफ्यावर. ती पिशवीसकट बसली, त्यामुळे सोफ्याच्या टोकाशीच मावली, आणि मला म्हणाली, "तुम्ही कशा आहात?" कुणीतरी शिकवल्यासारखं. मी म्हटलं, बरी आहे.

मी तुला विचारलं, पिशवीत काय आहे? आणि तू ज्या आवाजात बोललीस, तो तू आमच्या घरात सून म्हणून आल्यापासून मी प्रथमच ऐकला.

"झोपायचे कपडे आहेत, आई! तिचे झोपायचे कपडे आहेत. ती चौघांची खोली आपल्या चौघींची होती. मी ऑफिसातून चार दिवस सुट्टी काढली होती. घरात सगळ्यांसमोर तुमच्याशी नीट बोलता आलं नसतं, म्हणून नदीपलीकडे घेतली. मुंगीला तुमची गंमत करायची होती म्हणून लिहिलं नाही. आणि तुम्ही मला न विचारता रद्द केलीत. तुम्ही नेहमी असंच करता. तुम्हीच ठरवता कुणी राहायचं, कुणी जायचं, आणि मग तुम्हीच दार लावून घेता..."

पुढे तू बोलणार होतीस, पण मुंगी रडायला लागली आणि तू थांबलीस. जाताना मुंगीने काउंटरवरच्या बाईला विचारलं, इथे खाली सोफ्यावर झोपू देतात का? त्या बाईला भाषा कळली नाही. मला कळली.

त्या नदीकाठच्या हॉटेलला मी लगेच फोन केला. खोली गेली. दुसरी नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणाला वर सोडत नाही असं हॉटेल जगातल्या कुणाही म्हातारीने नाकारलं असतं. मी ते फोनवर चौकशी करकरून, पसंत करून घेतलं. वसतिगृहात मुलींचे आईबाप भेटीच्या खोलीत हातात डबा घेऊन बसायचे आणि घड्याळाकडे बघायचे. मला वाटायचं, नियम म्हणजे नियम, यात रडण्यासारखं काय आहे.

वन्सं म्हणतात, परतीचं तिकीट अलीकडे घेऊ. मी हो म्हटलं, मग नाही म्हटलं, आता पुन्हा हो म्हणावंसं वाटतंय. बॅग पलंगावर अर्धी भरून उघडीच आहे. तू चिडलीस यात तुझं काही चुकलं नाही. मला एवढंच वाटतं की जे थोडं उरलं होतं तेही मी माझ्या हाताने रद्द केलं.

आई

११ मार्च

पोरी,

नऊ तारखेचं पत्र आणि हे, दोन्ही तुला आजच मिळतील. तुझ्या सासूबाई घेऊन येतायत. त्या खाली सोफ्यावर बसल्या आहेत, वन्सं त्यांच्याशी गप्पा मारतायत, आणि मी वर बसून घाईघाईने लिहितेय. समोर आलीस की मला हे बोलता येणार नाही, म्हणून.

सकाळी काउंटरवरून फोन आला की कुणी भेटायला आलंय. मला वाटलं तू. धावतच उतरले. पाहते तर त्या. चष्मा कपाळावर, हातात तुझी छत्री. आम्ही दोघी उभ्याच राहिलो. कोणी कुणाला नमस्कार करायचा तेही ठरेना. मग त्यांनी खिडकीचा पडदा चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाल्या, कापड हलकं आहे हो, एका धुण्यात जाईल. सगळं आयुष्य कापडदुकानात काढलंय म्हणे. मी म्हटलं, मी वसतिगृहात, आमचे पडदे वर्षानुवर्षं टिकायचे. अशी सुरुवात झाली.

मी त्यांना विचारलं, तिने पाठवलं का तुम्हाला? त्या म्हणाल्या, तिला माहीतही नाही. मी म्हटलं, परवा ती माझ्यावर फार चिडून गेली, तुमच्याकडेही घरात त्रास झाला असेल. तर त्या हसायला लागल्या. त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते:

"परवा ती घरी आली ती दार आपटूनच. माझा मुलगा घाबरला. मी मात्र स्वयंपाकघरात बरं वाटून उभी होते. अहो, दोन वर्षं झाली, या मुलीने माझ्यापुढे एकदा आवाज चढवलेला नाही. चहा पांचट झाला तरी छान झालाय म्हणते. कपाट उघडायचं तरी विचारून उघडते. पाहुणी राहावी तशी राहते माझ्याकडे. परवा तुमच्या नावाने रागावली, ताटावर बसून रागावली, आणि पहिल्यांदा पोटभर जेवली. रुसायला हक्काचं माणूस लागतं. ते तिला इथे तुम्हीच आहात."

मी रडले गं. त्या ताठ बाईच्या काउंटरसमोर, भर सकाळी. तुझ्या सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि तेच बरं केलं. त्या पडद्याकडे बघत बसल्या.

मग मी मुंगीबद्दल विचारलं. म्हटलं, तिची आजी तुम्ही, आता मी कोण? तर त्या म्हणाल्या, ती दोघींनाही आजी म्हणते, तिला त्यात काही अडचण नाही, अडचण आपल्या दोघींनाच आहे. त्या रविवारी फोन कट झाला तेव्हा मुंगी संध्याकाळपर्यंत तो हातात घेऊन बसली होती, पुन्हा वाजेल म्हणून. हे त्यांनी सांगितलं. मी इकडे येरझारा घालत होते तेव्हा ती तिकडे फोन धरून बसली होती, आणि दोघींपैकी कुणी फिरवला नाही. तिला नंबर लावता येत नव्हता. मला येत होता.

त्या म्हणाल्या, हे हॉटेल सोडा आणि घरी चला. मी म्हटलं, एका घरात दोन सासवा कशा मावतील? त्या म्हणाल्या, खोली लहान आहे, मुंगीच्या खोलीत गाद्या घालू, पण या. ती तुमच्याशी भांडेल, मी बघेन. मलाही कधीतरी तिच्याशी भांडायला शिकायचंय.

पोरी, या बाई मला आवडल्या. आवडू नयेत म्हणून मी बराच प्रयत्न केला.

तर आम्ही संध्याकाळी येतोय, बॅगांसकट. वन्सं मुंगीच्या खोलीत घोरतील, तिला आधी कल्पना देऊन ठेव. डॉक्टरांना सांग की मी त्यांना काय हाक मारायची ते त्यांनीच ठरवावं, मी ऐकेन. रात्री मी कुठे झोपेन त्याची काळजी करू नकोस. मुंगीने सरकून जागा दिली तर तिच्याजवळ.

आणि तुझं ते वाक्य. परवा तू "मग तुम्हीच दार लावून घेता" म्हणालीस आणि मुंगी रडली म्हणून थांबलीस. लग्नाचं बोलणार होतीस ना? मी आले नाही त्याचं. दोन वर्षं तू ते तोंडातल्या तोंडात ठेवलंयस. आज ते पुरं कर. मुंगी झोपेपर्यंत थांबू, मग स्वयंपाकघराचं दार लोटून घे आणि मनात जे जे आहे ते सगळं मोठ्याने बोल. मी गुडघ्याचं नाव काढणार नाही. पण ऐकूनही घेणार नाही निमूट, मीही बोलणार आहे. तुझ्या सासूबाई दाराबाहेर उभ्या असतील. राहू देत.

आई